बेगमी आणि शिदोरी : कौटुंबिक आपत्ती-पूर्वतयारी आणि आपत्कालीन संच

प्रस्तावना

सह्याद्रीची रांग, तिच्या पश्चिमेस अतिवृष्टीचा कोकणपट्टा, पूर्वेस कृष्णा-पंचगंगेचे पूरप्रवण खोरे आणि त्यापलीकडे मराठवाड्याचे पठार अशी महाराष्ट्राची भौगोलिक रचना आहे. यातील प्रत्येक प्रदेशाची आपत्ती वेगळी आहे. किल्लारीचा भूकंप (१९९३), मुंबईची अतिवृष्टी (२००५), माळीणची दरड (२०१४), कोल्हापूर-सांगलीचा महापूर (२०१९), रायगड-रत्नागिरीतील ‘निसर्ग’ चक्रीवादळ (२०२०) आणि चिपळूणचा पूर (२०२१) या घटनांवर ओझरती नजर टाकली तरी हे वैविध्य ध्यानात येते.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये राष्ट्र, राज्य व जिल्हा अशा तीन स्तरांवर प्राधिकरणांची रचना झाली. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे देण्यात आले. शासकीय यंत्रणेचा हा विस्तार निःसंशय महत्त्वाचा आहे. तथापि आपत्ती कोसळण्याचा क्षण आणि मदतीचे पहिले पथक दाराशी पोहोचण्याचा क्षण यांमध्ये काही तासांचे, प्रसंगी काही दिवसांचे अंतर राहतेच. त्या अंतरात कुटुंब एकटे असते. या काळापुरती स्वतःची सोय म्हणजे आपत्कालीन संच होय. अनेक देशांतील मार्गदर्शिका त्यासाठी ७२ तासांचा हिशेब धरतात. जपानमध्ये १९२३ च्या कांतो भूकंपाच्या स्मरणार्थ १९६० पासून १ सप्टेंबर हा आपत्ती निवारण दिन पाळला जातो आणि घरोघरी अशी पिशवी तयार ठेवण्यावर भर दिला जातो.

आपल्याकडे या संचाच्या याद्या पत्रकांतून व भित्तिपत्रकांतून प्रसिद्ध होतात. परंतु बहुतेक याद्या सर्व घरांसाठी आणि सर्व आपत्तींसाठी एकच असतात. संचात काय असावे हे त्या सांगतात. तो केव्हा उचलायचा, कोणी उचलायचा आणि मुळात उचलता येईल का, याविषयी त्या मौन बाळगतात. प्रस्तुत लेखात या मौनाचा विचार केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. आपत्कालीन संचाची संकल्पना मराठी लोकजीवनातील परिचित संकल्पनांच्या आधारे स्पष्ट करणे.
२. पूर्वसूचनेच्या अवधीनुसार पूर्वतयारीचे स्वरूप कसे बदलते, हे महाराष्ट्रातील घटनांच्या आधारे पाहणे.
३. संचातील घटकांचा व्यवहार्य विचार मांडणे.
४. या कार्यात महाविद्यालयांना कोणता वाटा उचलता येईल, याचे दिग्दर्शन करणे.

बेगमी आणि शिदोरी : दोन भिन्न तयारी

पूर्वतयारी ही मराठी माणसाला नवी नाही. पावसाळ्यापूर्वीची बेगमी हा ग्रामीण जीवनाचा, विशेषतः कोकणातील जीवनाचा, अविभाज्य भाग होता. वैशाखात पापड, कुरडया, सांडगे वाळत पडत. आमसुले, आंबोशी, सुकी मासळी डब्यांत आणि मडक्यांत जाई. लाकूडफाटा पडवीत रचला जाई. चार महिने बाजाराची वाट बंद राहिली तरी चूल पेटती राहावी, हा त्यामागचा हेतू होता.

या बेगमीचे एक गृहीतक होते. घर जागेवर उभे राहील आणि माणसे घरातच राहतील, हे ते गृहीतक होय. वादळानंतर वीज नसलेल्या घरात किंवा रस्ता तुटलेल्या वाडीत ही तयारी आजही उपयोगी पडते. परंतु ज्या आपत्तीत घरच सोडावे लागते, तेथे बेगमी निरुपयोगी ठरते. एवढेच नव्हे, तर ती पायांत बेडीही घालते. भरल्या घरातून, धान्याच्या कणग्या आणि गोठ्यातील जनावरे मागे ठेवून निघणे रिकाम्या घरातून निघण्यापेक्षा कितीतरी कठीण असते.

घर सोडतानाच्या तयारीसाठी मराठीत दुसरा शब्द आहे, तो म्हणजे शिदोरी. वाटेला लागणारा माणूस आपल्या पाठीला पेलेल तेवढेच बांधून घेतो. आपत्कालीन संचाचा विचार करताना या दोन्ही तयारींची गल्लत होते. पाण्याचे उदाहरण पाहावे. पिण्यासाठी व किमान स्वयंपाकासाठी माणशी दररोज ३ लिटर पाणी धरले, तर चौघांच्या कुटुंबाला ३ दिवसांसाठी ३६ लिटर पाणी लागते. त्याचे वजन ३६ किलो होते. कमरेइतक्या पाण्यातून लहान मूल कडेवर घेऊन निघालेल्या कुटुंबाला हे ओझे नेणे केवळ अशक्य आहे. म्हणून ३६ लिटर पाणी ही बेगमी आहे. माणशी १ लिटरची बाटली आणि पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या ही शिदोरी आहे. प्रत्येक वस्तूला हाच प्रश्न विचारला म्हणजे संचाची रचना आपोआप स्पष्ट होत जाते.

पूर्वसूचनेचा अवधी

कोणती तयारी कामी येईल हे मुख्यतः एका गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे हाती असलेला वेळ.

अवधी शून्य. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ४ च्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील मातीचे जड छत झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. हा प्रदेश त्या वेळच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात मोडत होता. अशा आपत्तीत पिशवी भरण्यास किंवा उचलण्यास वेळ नसतो. तेथे घराची बांधणी हाच खरा संच होय. तरीही घर तगले तर पुढचे काही क्षण महत्त्वाचे ठरतात. अंथरुणाजवळ विजेरी, फुटक्या काचांपासून पाय वाचवणारी चप्पल आणि ढिगाऱ्याखालून आवाज देण्यासाठी शिट्टी एवढ्या तीन वस्तू हाताच्या अंतरावर असणे, ही शून्य अवधीची शिदोरी म्हणता येईल.

अवधी काही तास. जुलै २०२१ मध्ये २१ तारखेच्या रात्री वाशिष्ठी नदीचे पाणी चढू लागले आणि २२ तारखेला चिपळूण शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. वीज गेली, दूरध्वनी बंद पडले. रात्री झोपताना कोरडा असलेला तळमजला उजाडेपर्यंत बुडालेला होता. अशा वेळी वस्तू शोधण्यास फुरसत नसते. कागदपत्रे एका कपाटात, औषधे दुसऱ्या खणात आणि विजेरीचे सेल तिसरीकडे असतील, तर घरात सर्व काही असूनही हाती काही लागत नाही.

अवधी काही दिवस. ऑगस्ट २०१९ मधील कोल्हापूर-सांगलीचा महापूर हळूहळू चढला. कोल्हापूर येथे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांवर गेले. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे; तेथे पाणी ५७ फुटांवर पोहोचले. आकडे रोज जाहीर होत होते आणि वेळही होता, तरीही असंख्य कुटुंबे घरात अडकली. २००५ च्या महापुराची खूण अनेकांनी पाण्याची कमाल मर्यादा मानली होती. पाणी त्या खुणेच्याही वर गेले. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा अधिक माणसे घेतलेली नाव उलटून अनेकांचा मृत्यू झाला. दोन दिवस आधी कोरड्या रस्त्याने जे अंतर चालून जाता आले असते, ते पार करण्यासाठी माणसांना नावेत बसावे लागले होते. येथे उणीव वस्तूंची नव्हती. निघण्याचा निर्णय आधी ठरलेला नव्हता.

या तीन प्रकारांखेरीज आणखी दोन परिस्थिती ध्यानात घ्याव्या लागतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, त्याच वेळी कुलाबा येथे ७५ मि.मी.हूनही कमी पावसाची नोंद झाली. शहराच्या दक्षिण भागातील कार्यालयांत बसलेल्या नोकरदारांना उपनगरांतील स्थितीची कल्पना सायंकाळी घरी निघाल्यावरच आली. कुटुंब त्या दिवशी एका छपराखाली नव्हतेच. दुसरे उदाहरण ३ जून २०२० रोजीच्या ‘निसर्ग’ वादळाचे. त्याची पूर्वसूचना वेळेवर मिळाली होती. परंतु वादळ ओसरल्यानंतर अनेक गावांना कित्येक आठवडे विजेविना काढावे लागले. पहिल्या प्रसंगी कामाच्या ठिकाणी ठेवलेली लहानशी शिदोरी, तर दुसऱ्या प्रसंगी घरातील बेगमी उपयोगाची ठरते.

दरडप्रवण वाड्यांचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. माळीण, महाड तालुक्यातील तळीये (२०२१) आणि खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी (२०२३) येथे डोंगर क्षणार्धात खाली आला. मात्र दरड कोसळण्यापूर्वी पुष्कळदा जमिनीला भेगा पडणे, झाडे व खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे अशी लक्षणे दिसतात. मुसळधार पावसात ही लक्षणे दिसताच वाडी सोडणे हाच उपाय असतो. मग पिशवी हाती असो वा नसो.

निघण्याच्या संचातील घटक

कागदपत्रे. पुरात भिजलेली वस्तू पुन्हा विकत घेता येते, भिजलेला दाखला मात्र कार्यालयांच्या पायऱ्या झिजवून मिळवावा लागतो. सर्वच कागदपत्रे सारखी नसतात. सातबारा उतारा आज संगणकीकृत स्वरूपात मिळतो, आधार कार्डाची प्रत पुन्हा काढता येते. याउलट जात वैधता प्रमाणपत्र, जुना शाळा सोडल्याचा दाखला, मूळ गुणपत्रिका, खरेदीखत व विम्याची मूळ पत्रे यांच्या दुय्यम प्रती मिळवणे वेळखाऊ असते. म्हणून अशी मूळ कागदपत्रे आधी, जलरोधक पाकिटात ठेवावीत. शासनाच्या ‘डिजिलॉकर’ सुविधेत उपलब्ध असलेले दस्तऐवज तेथे जोडून घ्यावेत. आपत्तीनंतरचे साहाय्य पंचनाम्यावर अवलंबून असते आणि रक्कम बँकेत जमा होते. त्यामुळे पासबुकाची प्रत तसेच घर, सामान व जनावरे यांची आधी काढलेली छायाचित्रे उपयोगी पडतात.

औषधे. रक्तदाब, मधुमेह, दमा, अपस्मार यांसाठी रोज घ्यावयाची औषधे किमान ७ दिवस पुरतील इतकी असावीत व सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत असावी. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुपीला शीतकपाट लागते; वापरात असलेली कुपी बहुधा सुमारे चार आठवडे थंड जागी, कुपीवरील सूचनेनुसार, ठेवता येते. मधुमेही व्यक्ती असलेल्या घराने वीज गेल्यावर काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. जखमेसाठी जंतुनाशक, कापूस, पट्ट्या आणि जलसंजीवनीची पाकिटे आवश्यक आहेत. पाकीट नसल्यास १ लिटर शुद्ध पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते द्रावण देता येते. पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. मुंबईने २००५ च्या पुरानंतर तो अनुभवला. ताप आल्यास तो अंगावर काढू नये.

अन्न आणि पाणी. चूल पेटणार नाही, असे गृहीत धरूनच अन्न निवडावे. फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, गूळ, सातूचे पीठ हे पदार्थ टिकाऊ, हलके आणि घरातील सर्वांच्या परिचयाचे आहेत. संकटकाळी अनोळखी अन्न लहान मुले आणि वृद्ध सहसा खात नाहीत, हेही लक्षात ठेवावे. पाण्याबाबत एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. तुरटीने गढूळ पाणी निवळते, परंतु त्यातील रोगजंतू मरत नाहीत. निवळलेले पाणी उकळावे किंवा क्लोरीनने शुद्ध करावे.

प्रकाश, संपर्क आणि रोकड. विजेरी व तिचे सेल वेगवेगळे ठेवल्यास सेल गळून विजेरी निकामी होत नाही. भ्रमणध्वनीसाठी भारित पॉवर बँक, बातम्यांसाठी लहान रेडिओ आणि महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद असावा. आज घरच्यांचे क्रमांकही कोणाला पाठ नसतात. यंत्र बंद पडले की संपर्क तुटतो. जिल्ह्याबाहेरील एका नातेवाइकाला मध्यवर्ती दुवा ठरवावे आणि विखुरलेल्या कुटुंबीयांनी त्यालाच खुशाली कळवावी. वाहिन्या कोंडल्या असता संभाषणापेक्षा लघुसंदेश पोहोचण्याची शक्यता अधिक असते. ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक त्या कागदावर असावेत. वीज व जाळे नसताना ऑनलाइन व्यवहार थांबतात. म्हणून लहान मूल्याच्या नोटा जवळ ठेवाव्यात.

वस्त्रे व स्वच्छता. माणशी एक कोरडा जोड, पातळ पांघरूण, साबण, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे लंगोट व दोरी या वस्तू निवारा केंद्रात पहिल्याच रात्री लागतात. पुरुषांनी केलेल्या याद्यांतून स्त्रियांच्या गरजा अनेकदा सुटतात. म्हणून संच सर्वांनी एकत्र बसून भरणे हितावह ठरते.

संचाची जागा, वाटणी आणि निघण्याची खूण

उत्तम संच माळ्यावर अडगळीखाली असेल तर तो नसल्यासारखाच आहे. पूरप्रवण घरात तो जमिनीपासून उंच, पण हाताला येईल अशा जागी आणि दाराच्या वाटेवर असावा. एका मोठ्या पेटीपेक्षा प्रत्येकाच्या पाठीला पेलेल अशा लहान पिशव्या सोयीच्या असतात. पिशवी कोण घेईल, वृद्धांचा हात कोण धरेल, विजेचा मुख्य खटका व गॅसचा रेग्युलेटर कोण बंद करेल, जनावरांची दावी कोण सोडेल, ही वाटणी आधी व्हावी. जनावरांसाठी उंचावरची जागा व चारा आधी ठरलेला नसेल, तर गोठ्याचा धनी घर सोडत नाही. म्हणून पशुधनाचे नियोजन हा माणसांच्या सुटकेचाच भाग समजला पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचा घटक पिशवीत ठेवण्याचा एक कागद आहे. त्यावर निघण्याची खूण लिहिलेली असावी. उदाहरणार्थ, नदीने इशारा पातळी गाठताच वृद्ध, गरोदर स्त्रिया, रुग्ण व बालके यांना नातेवाइकांकडे पोहोचवायचे आणि धोका पातळीची वाट न पाहता उरलेल्यांनीही निघायचे, असे कुटुंबाने शांत काळात ठरवावे. प्रशासनाचा आदेश त्याआधी आला तर तोच अंतिम मानावा. मागील पुराची भिंतीवरील खूण अवश्य जपावी. मात्र तिचा उपयोग निघण्यासाठी करावा, थांबण्यासाठी नव्हे. पाणी अंगणात आल्यावर घ्यावयाचा निर्णय भीती, मोह आणि परस्परांची भीड यांत अडकतो. आधी लिहून ठेवलेला निर्णय फक्त अमलात आणायचा असतो.

संचाचे नूतनीकरण विस्मरणात जाऊ नये यासाठी त्याची सांगड परिचित दिवसांशी घालता येईल. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी एकदा आणि खंडेनवमीला अवजारांची स्वच्छता करताना दुसऱ्यांदा पिशवी उघडावी. औषधांच्या मुदती, सेल, मुलांच्या कपड्यांची मापे तपासावीत, जुने खाद्यपदार्थ खाऊन टाकून नवे भरावेत आणि त्याच दिवशी पिशव्या घेऊन घराबाहेर पडण्यास किती मिनिटे लागतात, हेही मोजावे.

महाविद्यालयांची भूमिका

आपत्तीच्या काळात शाळा-महाविद्यालयांच्या इमारती निवारा केंद्रे होतात. त्यामुळे शिक्षकवर्गाचा या विषयाशी असलेला संबंध केवळ अध्यापनापुरता नाही. भूगोल विभागास परिसरातील पूररेषा व दरडप्रवण उतार यांचे नकाशे विद्यार्थ्यांकडून तयार करून घेता येतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरात दत्तक गावातील प्रत्येक घराची निघण्याची खूण लिहून घेण्याचा उपक्रम राबवता येईल; ग्रामस्थांना पत्रक वाटण्यापेक्षा त्यांच्यासोबत बसून एक पिशवी प्रत्यक्ष भरणे अधिक परिणामकारक ठरेल. पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पांतही हा विषय घेता येईल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ आणि विजांच्या इशाऱ्यासाठीचे ‘दामिनी’ ही अॅप विद्यार्थ्यांमार्फत घरोघर पोहोचवता येतील. महाविद्यालयाने स्वतःचे दप्तर, विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे आणि जुने ग्रंथ तळमजल्यावर ठेवले आहेत का, हेही पाहणे आवश्यक आहे. इतरांना पूर्वतयारी शिकवणाऱ्या संस्थेची स्वतःची शिदोरी रिकामी नसावी.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, आपत्कालीन संचाचा प्रश्न वस्तूंच्या खरेदीपाशी संपत नाही. एकाच कुटुंबाला राहण्याची बेगमी आणि निघण्याची शिदोरी अशा दोन्ही तयारी कराव्या लागतात. त्यांपैकी कोणती केव्हा कामी येईल हे हाती असलेल्या अवधीवर ठरते. भूकंपासारख्या आपत्तीत सुरक्षित बांधणीला पर्याय नाही आणि ती अनेकांच्या आवाक्याबाहेर आहे, ही या तयारीची मर्यादा आहे. नदीकाठच्या झोपडीत राहणाऱ्या मजुराला ७ दिवसांची औषधे आगाऊ घेणेही परवडत नाही. तेथे ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र आणि स्वयंसेवी कार्यकर्ते यांची जबाबदारी वाढते. मात्र निघण्याची खूण ठरवण्यास, कामांची वाटणी करण्यास आणि क्रमांक कागदावर लिहिण्यास पैसा लागत नाही. मराठी घराने बेगमीची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. वेळ आली असता भरले घर मागे ठेवून, ठरलेल्या खुणेवर, ठरलेल्या वाटेने निघण्याची सवय आता तिला जोडावी लागेल.